‘पण’ नावाचा बग

मंडळी, या वीकेंडला कोडबद्दल काही नाही. एका दोन अक्षरी शब्दाबद्दल लिहायचंय. तो शब्द म्हणजे ‘पण’. ‘परंतु’ या अर्थाचा नव्हे, ‘सुद्धा’ या अर्थाचा.

२०२५चा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. आमच्या जमातीला जोडून सुट्टी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गुरुवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी वाशीमला घरी. चहा घेतोय तोच शाळेतल्या एका मित्राचा फोन. "काऊन बे, आलास ना? मग ये इकडे, चर्चमध्ये झेंडावंदन आहे."

गेलो. खरं सांगायचं तर तिथे लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. आवारात एक लोखंडी पाइप रोवलेला, खाली रांगोळी. दोरीची गाठ नेहमीप्रमाणे अडकली, "हळू ओढा, हळू ओढा" असं चार जणांनी एकदम सांगितलं. फुलं पडली, निम्मी पाळकांच्या डोक्यावर. राष्ट्रगीत कुणीतरी फारच वरच्या पट्टीत सुरू केलं आणि शेवटी सगळ्यांची दमछाक झाली. मग प्रार्थना. देशासाठी, सत्तेवर बसलेल्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून, आणि शेवटी वाशीमच ते, त्यामुळे पाऊस आणि सोयाबीनसाठीही. पेटी आणि टाळांवर एक भजन झालं. मग जिलेबी. एका पोराने तीन खाल्ल्या आणि वर आईचा धपाटा खाल्ला. संपला कार्यक्रम.

मी एक फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तरं आली. "अरे वा, हे लोक पण करतात?" "छान. असंच पाहिजे." एकाने कडक सॅल्यूट ठोकला.

लक्षात घ्या, हे लिहिणारे कुणी द्वेष पसरवणारे लोक नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, माझा डबा खातात. त्यांनी कौतुकच केलं होतं. माझा राग त्या कौतुकावरच आहे. त्याच सकाळी आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे झेंडावंदनाचे बावीस फोटो आले होते. त्याखाली कुणी "अरे वा, हे लोक पण" असं लिहिलं नाही. आम्ही डिफॉल्ट ना! ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती, त्याच्याच वाट्याला हा ‘पण’ येतो.

झालं, मी भांडायला बसलो. पंडिता रमाबाई १८८९च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या, हे टाकलं. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग निघाली, तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे मित्र आणि वकील, हेही टाकलं. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात धर्मावर आधारित राखीव जागा नकोत हा ठराव मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत त्यांनीच मांडला, हा माझा हुकमाचा एक्का. ग्रुप गप्प झाला. मी खूश.

संध्याकाळी मित्राला मोठ्या ऐटीत सगळं दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तुझे आजोबा बेचाळीसमध्ये काय करत होते?"

म्हटलं, "शेती."

"मग? तुला कुणी विचारलं ते कधी? माझेही शेतीच करत होते. तू माझ्या नावाने पेपर सोडवून आलास. पेपर मुळात मलाच का, ते नाही विचारलंस."

बोलतीच बंद. बाप्टिस्टांचं नाव पुढे करून मी हेच मान्य केलं होतं की माझ्या मित्राने आधी आपला दाखला दाखवावा आणि मग आत यावं. लोकमान्यांचा वकील वंशात नसेल तर काय? समाजात एकही थोर माणूस झाला नसेल तर त्या समाजाने भाड्याने राहायचं का या देशात?

कायदा तर आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाज विटनेसेस या पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. उभं राहणं हा आदरच आहे, बळजबरीने गाऊन घेता येणार नाही, असा निकालाचा अर्थ. म्हणजे न गाणारासुद्धा पूर्ण नागरिक. आणि आपण, जे गातात, जिलेबी वाटतात, त्यांनाही पासिंगचे मार्क देत बसलोय!

आता एक शहाणा प्रश्न येतो. ग्रुपवरही आला. "राष्ट्रीय सण आहे तर चर्चमध्ये कशाला? शाळेत, कलेक्टर ऑफिसात करा ना. धर्म आणि देश वेगळे ठेवा."

मुद्दा वाईट नाही. देश सगळ्यांचा, तर सगळ्यांनी एकाच जागी जमावं, हे मलाही आवडेल. पण मग आमच्या सोसायटीचं काय? तिथे दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्या झाल्या सत्यनारायण असतो. प्रसादाचा शिरा मी आवडीने खातो. कितीतरी गावांत, कॉलन्यांमध्ये हेच चालतं. त्याला आपण धर्म आणि देशाची सरमिसळ म्हणत नाही, सोसायटीचा कार्यक्रम म्हणतो. नियम लावायचा तर दोन्हीकडे लावा. एकाच मोड्यूलवर टेस्ट चालवायची आणि दुसरं न तपासताच पास, याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

आणि माणसं जिथे एरवी जमतात तिथेच सण करतात, इतकं ते साधं आहे. वसईच्या कॅथलिक घरांत पंधरा ऑगस्टला मरियामातेचाही सण असतो, मिस्सा आणि झेंडा एकाच सकाळी. त्यात कोडं काय आहे?

वाशीमबद्दल एक सांगायला हवं. माझा जन्म तिथल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचा. चर्च ऑफ द नाझरीनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली ते सुरू केलं. आमच्या घरी तो नुसता ‘मिशनचा दवाखाना’. या ‘मिशन’ शब्दामुळेच मला लहानपणी वाटायचं की तिथे प्रार्थनेला जाणारे लोक बाहेरचे. बाई अमेरिकेच्या होत्या, बरोबर. पण प्रार्थनेला जाणारा माझा मित्र माझ्याच बाकावर बसायचा, माझ्यासारखंच वऱ्हाडी बोलायचा, आणि त्याच्या बापाचं सोयाबीन आमच्याच सोयाबीनबरोबर बुडायचं.

शेवटी स्वतःबद्दल. मित्राने विचारलं नाही, पण मीच विचारतो. तो फोटो मी काढलाच कशाला? सोसायटीच्या झेंडावंदनाचा तर कधी काढला नव्हता. कारण मलाही तो दाखवण्यासारखा वाटला होता. ‘पण’ मी लिहिला नाही, नुसता फोटोत पाठवला. बग ग्रुपमध्ये नंतर दिसला, चेक-इन मीच केला होता.

तेव्हा पुढच्या पंधरा ऑगस्टला असा फोटो आला तर कृपा करून शाबासकी देऊ नका. शुभेच्छा द्या, त्या सगळ्यांना देतोच. नाहीतर जिलेबी कुठली होती ते विचारा.

असो. उद्या सोमवार.