लाकडी बैल लेकरांनाच रंगवू द्या

श्रावण सरत आला की हिंगण्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतून एक सूर ऐकू येतो : तान्हा पोळा आता बंद केलेला बरा. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतली बरीच एमआयडीसीत पाळ्या करतात, काही बर्डीला ऑफिसात जातात. २०२० मध्ये लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली, तेव्हापासून तर झोपायला हिंगणा आणि जागेपणी नागपूर अशी अनेकांची विभागणी झाली आहे. त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेऊ. पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा मांडून तो पाडण्यात काही शहाणपण नाही.

ते म्हणतात, गोठेच उरले नाहीत तर बैल कसला पुजता? पोराच्या हाती लाकडी बैलाची दोरी देऊन त्याला दारोदार पैसे मागायला लावणं शोभतं का? आणि एवढी तयारी करायला वेळ कोणाला आहे? "काहून करता एवढं? बजारात सजवलेला भेटते नं!" या शेवटच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा दमलेली आई असते, म्हणून तो सगळ्यांत वजनदार आहे.

बैल कमी झाले, हे खरंच. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. ज्या हिंगण्यात आपण पोळा करतो, तिथल्याच एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. पण यावरून तान्हा पोळा पोकळ झाला असं म्हणणाऱ्यांनी हा सण मुळात कोणाचा, ते पाहिलेलं नाही. मोठा पोळा श्रावण अमावास्येचा, कास्तकाराचा आणि त्याच्या जित्या जनावरांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा, आणि तो पहिल्यापासून लाकडाचाच. नागपुरात असं सांगतात की दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला. बिथरणारं जनावर लहान हातांना झेपणार नाही, म्हणून लाकडी बैल करवून घेतले. ही आठवण सांगितली जाते ती राजधानीच्या शहरातली. महालात, इतवारीत सोनाराच्या, शिंप्याच्या, कोष्ट्याच्या घरी नांगर कुठे होता? तरी त्यांची पोरं नंदी घेऊन निघतच होती. आपल्या तालुक्याची शीव ओलांडली की वर्धा जिल्ह्यातलं सिंदी रेल्वे लागतं. ते गाव माणसापेक्षा उंच नंद्यांच्या तान्ह्या पोळ्यासाठी ओळखलं जातं, आणि त्या नंद्यांनीही कधी जू ओढलेलं नाही. छत्तीसगडात पोरं मातीचे बैल फिरवतात. एमआयडीसीत कामाला आलेल्या छत्तीसगडी कुटुंबांना आपला तान्हा पोळा समजावून सांगावा लागत नाही, ते याचमुळे.

शहरातल्या पोराला बैल ठाऊक नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. हिंगण्याच्या बाहेर चार किलोमीटर गेलं की कापूस-सोयाबीनच्या शेतांत अजून बैलजोड्या दिसतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून बैलाची खांद कडक, काळपट झालेली असते. तिला हळद-तूप लावतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ओळखीच्या कास्तकाराला विचारलं तर तो नाही म्हणत नाही. पाच वर्षांच्या लेकराला तिथे उभं करा. त्या घट्ट्यावरून एकदा हात फिरवू द्या. शाळेच्या पुस्तकात "बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे" हे वाक्य पाठ करून जे कळत नाही, ते त्या बोटांना कळतं. मग घरी येऊन तेच पोरगं आपल्या लाकडी बैलाच्या मानेवर हळदीचा बोट-दोन बोट पट्टा ओढतं, आणि तो का ओढला हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

आता बोजारा, म्हणजे दारोदार मिळणारे ते पैसे. याला भीक म्हणणाऱ्यांनी सालदाराचा विचार करावा. पोळा फुटला की सालदार सजवलेली जोडी घेऊन घरोघर जायचा. घरची बाई बैलांचे पाय धुवायची, ओवाळायची आणि त्याच्या हाती धान्य किंवा पैसे ठेवायची. ज्याने वर्षभर उन्हापावसात शेत राखलं, त्याचा तो मान होता आणि हक्कही. तान्ह्या पोळ्याला लेकरू त्या सालदाराच्या जागी उभं राहतं. नोकरदाराच्या मुलाने एका संध्याकाळपुरतं गड्याच्या जागी उभं राहणं मला तरी फार मोलाचं वाटतं. शोभत नाही, ते निराळंच आहे : एका दारात दहा रुपये, दुसऱ्यात पाचशेची नोट, आणि घरी आल्यावर कोणाचे किती झाले याची मोजणी. (पाचशेवाले काका पोरांत लोकप्रिय असतात, हेही खरंच.) त्याला औषध सोपं आहे. गल्लीने मिळून एकच रक्कम ठरवावी, आणि ती प्रत्येक बैलाला सारखी मिळावी, मग तो सागवानाचा असो की प्लॅस्टिकचा.

उरला वेळेचा आणि बाईच्या कष्टांचा प्रश्न. पोळ्याला पुरण शिजतं, वाटलं जातं, वडे-भजे तळले जातात; दुसऱ्या दिवशी परत पाहुणे, परत चहा. यात पुरुष कुठे असतो? बहुतेक घरांत तो शुभेच्छांचे संदेश पुढे ढकलत असतो. तेव्हा हा आरोप सणावर न ठेवता घरातल्या वाटणीवर ठेवा. लाकडी बैल काढून, धुऊन, रंगवून होतो तो दोन संध्याकाळींत, आणि त्यातलं एकही काम आईनेच करावं असं नाही. रात्रपाळीचा बापसुद्धा दुपारी उठून माळ्यावरून बैल खाली काढू शकतो. तान्ह्या पोळ्याला दुसरा स्वयंपाक कशाला? आदल्या दिवशीचं पुरण आणि चार भजे पुरेत.

वेळ खरा खाल्ला कोणी, ते सांगतो : स्पर्धेने. गेल्या काही वर्षांत तान्ह्या पोळ्यात बैल मागे पडून वेशभूषा पुढे आली आहे. शिवाजी महाराजांचा पोशाख भाड्याने, थर्माकोलचा देखावा, एलईडीची माळ, पाठीमागे नेत्याचा फ्लेक्स आणि मंचावरून पहिल्या बक्षिसाची सायकल. ती जिंकायची म्हणून आईबाप रात्री एक वाजेपर्यंत बैल सजवतात आणि ज्याचा सण ते पोरगं आत झोपलेलं असतं. सकाळी त्याला तंबी मिळते : हात लावू नको, रंग ओला आहे. सण बंद करा म्हणणाऱ्यांचा वैताग या तमाशावरचा असेल, तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पण बंद तमाशा करायचा, सण कशाला?

आणखी एक : तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी नागपुरात मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. तीन वर्षांच्या लेकराला खांद्यावर बसवून त्या गर्दीत नेणारे आणि संध्याकाळी तेच झोपाळलेलं लेकरू बैलासह फोटोला उभं करणारे पालक मी दरवर्षी पाहतो. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोरगं आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत त्या कुठे जात नाहीत. तोवर पोळ्याला दारात लावलेला पळसाचा मेढा गावाबाहेर टाकायला त्याला बरोबर न्या आणि "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी मनसोक्त ठोकू द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान मुलाचा सण तयारीत असतो. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिकण्याची कल्पना देशापुढे ठेवली गेली. त्या नई तालीमवर आपण भाषणं ऐकतो आणि घरात पोराच्या हातून ब्रश काढून घेतो. तीन वर्षांचं मूल ओल्या फडक्याने बैलाची धूळ पुसू शकतं. चार-पाच वर्षांचं माळेत मोठे मणी ओवतं, वेसणीचा दोरा ओढून धरतं. सहाव्या-सातव्या वर्षी रंग देतं, जुन्या लुगड्याच्या काठाची झूल कातरतं, निसटलेल्या चाकाला खिळा कुठे लागेल ते बापाला दाखवतं. फरशीवर रंग सांडेल. बेगड वाकडी चिकटेल. एखाद्या बैलाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला येतील, आणि पाहुण्यांसमोर आईला ते खटकेल. खटकू द्या. ज्या घरांत आजोबांच्या वेळचा बैल आहे, तिथे खरवडलं तर जुन्या रंगांचे थर निघतात, आणि त्यांतले कित्येक असेच वेडेवाकडे असतात.

हिंगणा आणि इथल्याच रायपूर, वानाडोंगरीच्या मंडळांना म्हणूनच विनंती आहे. यंदा वेशभूषेची बक्षिसं काढून टाका. पोराने स्वतः रंगवलेला बैलच रांगेत घ्या, विकतचा आणला असेल तर निदान झूल तरी त्याच्या हातची असू द्या. खाऊ आणि बोजारा सगळ्यांना सारखा द्या. भाषणं आवरा, तोरण दिवस मावळायच्या आत सोडा, म्हणजे लहानगी पेंगायच्या आत घरी पोचतील. आणि आईबापांनो, माळ्यावरचा बैल पोळ्याच्या आधीच्या रविवारी खाली काढा, ब्रश लेकराच्या हाती द्या आणि त्याने हाक मारल्याशिवाय मध्ये पडू नका.