अंगात राम नाही, पण रिपोर्ट नॉर्मल!

दिवाळीच्या अंकात रडगाणे गाऊ नये असा एक शिष्टसंमत संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक असावा, वाचणाऱ्याने एका हाताने चकली मोडावी नि दुसऱ्या हाताने पान उलटावे, अशा बेताने संपादक मजकूर निवडतात. त्यांचे काही चुकते असे मी म्हणत नाही. पण ती चकली ज्या हातांनी पाडली त्या हातांत अंक धरण्याचे तरी त्राण उरले आहे काय, हा प्रश्न मला यंदा विचारायचाच आहे. रसभंग झाल्यास वाचकांनी क्षमा करावी. न केली तरी चालेल.

आमचे घर खंडाळ्याचे. बोरघाटावरचे, हवा खायला जाण्याचे ते खंडाळे नव्हे. हे सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. आमच्याकडे हवा खायला कुणी येत नाही. आले तर घाट चढण्याआधी चहा प्यायला थांबतात. तर गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या वहिनी भाजणी मळता मळता मध्येच हात थांबवून भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, अंगात रामच नाही हो. रात्रभर झोपते, तरी सकाळी उठताना वाटतं, आत्ताच कांदा काढून आले.”

वहिनींचे वय शेहेचाळीस. वर्षातून एकदाही न कण्हणारी बाई. दादा आतून म्हणाला, “अगं, परवाच रिपोर्ट आलाय ना? सगळं नॉर्मल आहे.” आई म्हणाली, “आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी.” आणि मी, चार बुके शिकलेला माणूस, काय म्हणालो? काहीच नाही. चकली कधी होणार एवढेच माझ्या मनात होते. या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे बोलायला मोकळा.

तो रिपोर्ट मी नंतर पाहिला. सणानिमित्त सवलतीत मिळालेल्या तपासणीच्या पॅकेजचा तो ग्रंथ होता. चकचकीत कागद, रंगीत आलेख, मुखपृष्ठावर हसरे कुटुंब. तो चाळून एका डॉक्टरमहाशयांनी दोन मिनिटांत निकाल दिला होता: सगळे नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, वय होत चालले. म्हणजे बाईने सांगितलेले खोटे आणि कागदाने सांगितलेले खरे! न्यायालयात फिर्यादीला निदान उलटतपासणीचा तरी मान मिळतो. इथे तेवढेही नाही.

माझे भांडण या ‘नॉर्मल’ शब्दाशी आहे. काय असते हो हे नॉर्मल? प्रयोगशाळा बहुधा असे करतात की निरोगी समजल्या गेलेल्या पुष्कळ लोकांचे रक्त तपासायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधल्या पंच्याण्णव टक्क्यांना म्हणायचे नॉर्मल. म्हणजे धडधाकट माणसांतही शंभरात पाच जण प्रत्येक चाचणीत ‘बाहेर’ पडणार हे ठरलेलेच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा तांबड्या शाईत येण्याचा संभव शंभरात चौसष्ट! पॅकेजवाल्यांचा धंदा या चौसष्टांवर चालतो. धडधाकट माणूस तांबडा आकडा पाहून घाबरतो आणि खरोखर थकलेला माणूस काळे आकडे पाहून गप्प बसवला जातो. शिवाय ज्या समाजात पुष्कळांचेच पोषण तोकडे, तिथल्या लोकांवरून काढलेली सरासरीही तोकडीच असायची. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के रक्तक्षयी असल्याचे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत तोच आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. निम्म्याहून अधिक बायकांना जे आहे ते आजूबाजूला पाहून ‘असायचेच’ वाटू लागते, यात नवल ते काय?

आणि वहिनी तर या ५४ टक्क्यांतही नव्हत्या! त्यांचे हिमोग्लोबिन १२.१ होते, रक्तक्षयाची रेघ १२ वर आहे. एका दशांशाने पास. पण जुन्या घरातली कणगी आठवा. कणगी तळाला गेली तरी त्या दिवशीची भाकरी ताटात दिसतेच. हिमोग्लोबिन ही ताटातली भाकरी आणि फेरिटिन ही कणगी, म्हणजे शरीराने साठवलेले लोह किती उरले याचा अंदाज. साठा आधी संपतो, भाकरी मागाहून लहान होते. निरोगी दिसणाऱ्या प्रौढ माणसात फेरिटिन १५ च्या खाली गेले तर लोहाचा साठा संपला असे समजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. वहिनींच्या त्या जाडजूड ग्रंथात फेरिटिन नव्हतेच.

कुणी म्हणेल, भाकरी आहे तोवर कणगीची चिंता कशाला? त्यांच्यासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेला फ्रान्समधला एक प्रयोग सांगतो. हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी अशा १९८ थकलेल्या बायकांपैकी निम्म्यांना लोहाच्या गोळ्या आणि निम्म्यांना लुटुपुटीच्या गोळ्या बारा आठवडे दिल्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला, लुटुपुटीच्या गोळ्यांनी सुमारे २९ टक्क्यांनी. हा दुसरा आकडाही मी मुद्दाम सांगतो, कारण भांडताना सुद्धा मापात पाप करू नये. नुसते कुणीतरी दखल घेतल्याने, दिवस गेल्याने, विश्वासानेही थकवा उतरतो. पण मग दखल घेणे हेही औषधच झाले की! ते तरी कुठे मिळते?

पुरुषवाचकांनी इथे पान उलटू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. ते संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या वरणभात-तूपवाल्यांत, ८१ टक्क्यांत! हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांसमासळी यांतून मिळते. नुसत्या भाजीपाल्यात ते नाही. याची कमतरता मज्जातंतूंना आणि स्मरणालाही ग्रासू शकते आणि तेव्हा रक्तक्षय असतोच असे नाही. १९८८ साली अमेरिकेत लिंडनबॉम यांनी ब-१२ अभावी मज्जाविकार झालेले १४१ रुग्ण तपासले, तर त्यांतल्या ४० जणांत रक्तक्षयही नव्हता नि रक्तपेशीही फुगलेल्या नव्हत्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या रोज गिळणाऱ्यांत हे जीवनसत्त्व आणखी घटते. आमच्या दादाच्या उशाशी या दोन्ही गोळ्या असतात आणि पायाला मुंग्या येतात ही तक्रार तो दोन वर्षे करतो आहे. त्यालाही ‘वय झाले’ हेच उत्तर मिळाले होते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला आणखी चाचण्या हव्यात. मुळीच नाही! मला आणखी प्रश्न हवे आहेत. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय होत असे आणि त्याचे कारण कळत नव्हते. बाईंनी आधी जंतू शोधले. ते हाती लागेनात. मग त्यांनी साधी गोष्ट केली: कोण काय खाते हे पाहिले. ज्या बायकांचे खाणे सर्वांत निकृष्ट त्यांनाच हा रोग अधिक, हे ध्यानात आले. यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातल्या गुणकारी द्रव्याला पुढे फोलिक आम्ल हे नाव मिळाले आणि आज जगभर गरोदर बायकांना त्याच्या गोळ्या देतात. त्या गोळीचे मूळ मुंबईच्या चाळीतल्या ताटाकडे कुणीतरी वाकून पाहिले यात आहे.

आमच्याकडे असे वाकून पाहणारे भेटले ते तुळशीच्या लग्नाला. पाहुण्यांत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरातच विचारले: पाळी किती दिवस चालते? जेवता कधी आणि कितव्या पंगतीला? जेवणावर चहा घेता का? झोपेत घोरता का? मन कशात रमते का? पायऱ्या चढताना दम लागतो का? दहा मिनिटे लागली असतील. तीन वर्षे पाळी आठ-आठ दिवस चालते, हे त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा कुणाला तरी कळले. त्या पाहुण्याबाईंना कळले. आम्हा घरच्यांना नव्हे. सांगितल्याप्रमाणे फेरिटिन तपासले, ते निघाले ९.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. बाहेर साठ रुग्ण ताटकळत असताना एकीला दहा मिनिटे देणे कठीण आहे. थकून येणाऱ्या बहुतेकांच्या पोटात काही भयंकर दडलेले नसते, हेही खरे. पण ‘मला काही सापडले नाही’ आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ या दोन वाक्यांत खंबाटकी घाटाएवढे अंतर आहे. पहिले वाक्य प्रामाणिक आहे. दुसरे वाक्य रुग्णाला घरी पाठवून घरच्यांच्या तावडीत देते.

आणि तिथून तो पळतो कुठे? सलाईनकडे! ‘जरा ताकदीची बाटली लावा’ हा आपल्या मुलखातला मंत्र आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते; ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे दोन-तीन कप चहातली. एवढ्यासाठी शीर टोचून घ्यायची! मनाने लोहाच्या गोळ्या गिळणे हाही तोडगा नव्हे. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघाले तर पोटात कुठे रक्त झिरपते आहे काय, हे आधी शोधावे लागते. वजन घटणे, बारीक ताप, धाप लागणे यांची थकव्याला जोड असेल तर दिवाळी संपायचीही वाट पाहू नये.

काहींच्या बाबतीत सगळे विचारून, सगळे तपासूनही कारण सापडत नाही. थोडे श्रम झाले की दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळणे, झोपून उठल्यावरही विसावा नसणे, डोक्यात धुके असणे, असे महिनोन्‌महिने चालते. अशा दीर्घ थकव्याच्या रोगाला एकही निर्णायक चाचणी नाही. तो रुग्णाच्या सांगण्यावरूनच ओळखायचा, असे अमेरिकेतल्या वैद्यक संस्थेने २०१५ साली स्पष्ट केले. अशांना ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०२१ साली मागे घेतला. ‘जरा हिंडाफिरा म्हणजे बरे वाटेल’ असे सांगणाऱ्या हितचिंतकांनी याची नोंद घ्यावी.

शेवटचा आरोपी म्हणजे आपले घर. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे निघाले; पुरुषांची ८८, तीही जे करतात त्यांची. ही दोनशे मिनिटांची तफावत कुठल्या रक्तचाचणीत दिसणार? आमच्याच तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या. दर ३ जानेवारीला आम्ही तिथे जातो, भाषणे ऐकतो, आणि घरी येऊन ‘चहा टाक’ म्हणतो. ज्या बाईने इतर बायकांना बोलते केले तिच्या तालुक्यात बायकांचे बोलणे खरे धरायला कागदाची साक्ष लागावी, याची लाज वाटायला हवी. मला वाटते आहे, म्हणून हा लेख.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेच्या ओवाळणीत बहिणीला तपासणीचे पॅकेज घालू नका. तिच्याशेजारी बसा आणि विचारा: जेवतेस कधी, झोपतेस किती, तुला काय होते? ती ‘काही नाही रे’ म्हणेल. पुन्हा विचारा. मग तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत तिथून उठू नका.

वहिनी सहा महिन्यांनी सावरल्या. पाळीवरही इलाज झाला. पूर्ण बऱ्या झाल्या असे म्हणणार नाही. त्या अजून दमतात, पण आता तसे सांगतात आणि आम्ही ऐकतो. दादाचे ब-१२ तपासले. कमीच निघाले, आणि त्याची इंजेक्शने चालू आहेत. यंदाची भाजणी त्यानेच मळली. चकल्या मऊ पडल्या आहेत. आईसकट कुणीही तक्रार केलेली नाही.