मांडीवरचा प्रवासी

बाळ घेऊन प्रवास करणारी बाई आपल्याला नवी नाही. ऊसतोडीला निघालेली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराच्या गाठोड्यांवर बाळ घेऊन बसते. एस.टी.त लेकुरवाळीला कुणीतरी सरकून जागा देतं, नाहीतर निदान बाळाला तरी मांडीवर घेतं. विमानात मात्र बाळ दिसलं की आजूबाजूच्या कपाळांवर आठ्या चढतात. 'विमान हा काय आपला विषय?' असं काही मैत्रिणी म्हणतील. एके काळी तो नव्हता. १९८८ ला पाटण्याला, १९९४ ला तिरुपतीला स्त्री चळवळीच्या राष्ट्रीय परिषदा झाल्या, तेव्हा आपल्या ज्येष्ठ मैत्रिणी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून, डबे बांधून गेल्या. आता बैठका दोन दिवसांत उरकायच्या असतात आणि बोलावणारी संस्था विमानाचं तिकीट पाठवते. म्हणजे एकाच माणसाचं पाठवते.

गेल्या हिवाळ्यात मी सात महिन्यांच्या लेकीला घेऊन नागपूरहून दिल्लीला गेले. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीवर बैठक होती. २००५ च्या या कायद्यावर आमचं केंद्र बरीच वर्षं काम करतं, त्यामुळे जाणं गरजेचं होतं. लेक अंगावर पीत होती, तिला ठेवून जाणं शक्य नव्हतं. नवऱ्याच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. मी आयोजकांना विचारलं, बाळाचं तिकीट आणि दोन दिवस तिला सांभाळणाऱ्या बाईचा खर्च धरता येईल का? उत्तर आलं, 'हा वैयक्तिक खर्च आहे.' बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं हे उत्तर होतं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण तेच उत्तर आणखी दहा ठिकाणांहून आलं असतं.

विमानाच्या नियमात दोन वर्षांखालच्या मुलाला खुर्ची नसते. ते प्रौढ व्यक्तीच्या मांडीवर बसतं, पण त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. आपल्या पट्ट्यात अडकवायचा एक छोटा पट्टा त्याच्यासाठी मिळतो, तो मागून घ्यावा. एका रांगेत दोन तान्ही मुलं सहसा बसवत नाहीत. त्यामागे अगदी साधं कारण आहे. तीन खुर्च्यांच्या वर ऑक्सिजनचे मास्क साधारणपणे चारच असतात. बाळाचं पाणी, पेज, औषध हातातल्या पिशवीत नेता येतं, तपासणीला बाहेर काढून दाखवावं लागतं. एवढ्या गोष्टी आधी कळल्या तर निम्मी धास्ती जाते.

आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे जन्मदाखला. मूल दोन वर्षांखालचं आहे हे त्यावरून ठरतं. खिडकीवरच्या मुलाने तो पाहून परत दिला, दहा सेकंदांचं काम. पण मला तिथे उभ्या उभ्या आमच्या केंद्रातल्या बायका आठवल्या. रात्री नेसत्या लुगड्यानिशी घर सोडतात आणि कागद सगळे नवऱ्याच्या कपाटात राहतात. नवरे ते मुद्दाम अडकवून ठेवतात, कारण कागद नसला की बाई फार लांब जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जिथे जन्माची नोंद झाली त्या नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दाखल्याची प्रत पुन्हा काढता येते, हे प्रत्येकीला सांगा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मिळू शकतं असा निकाल दिला. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टच्या अर्जात आई किंवा बाप, एकाचंच नाव पुरेसं ठरवलं गेलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी आलं. या गोष्टी बायकांनी भांडून मिळवलेल्या आहेत.

आता रडण्याविषयी. विमान उतरू लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढतो. कानाच्या आतला भाग आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते, ती उघडली की दाब सारखा होतो. मोठी माणसं गिळतात, जांभई देतात. बाळाला ते सांगता येत नाही, त्याचा कान दुखतो, ते रडतं. त्यावर उपाय म्हणजे त्याने काहीतरी गिळणं. म्हणजे पाजणं. विमान उतरायला लागल्यावर मी लेकीला पदराखाली घेतलं, तर शेजारच्या गृहस्थांनी बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती वाकून मला म्हणाली, 'मॅडम, जरा नीट झाकून घ्या ना, प्लीज.' मी म्हटलं, 'झाकलेलंच आहे. त्यांना डोळे मिटायला सांगा.' ती हसली नाही, पण पुन्हा आलीही नाही.

तिच्यावर माझा राग नाही. त्या पोरीच्या नोकरीचा इतिहास बघा. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे हवाईसुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की लगेच, यातलं जे आधी घडेल तेव्हा नोकरी सोडायची. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट क्रूर आणि भारतीय स्त्रीत्वाचा अपमान करणारी ठरवून रद्द केली. तोच निकाल चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र योग्य मानतो, आणि पुरुष कर्मचाऱ्यांची श्रेणी वेगळी असल्याने भेदभाव नाही असंही म्हणतो. म्हणजे पोटात मूल असलेली बाई ज्या विमानात कामाला चालत नव्हती, त्याच विमानात मूल मांडीवर घेतलेल्या बाईला आज 'झाकून घ्या' सांगायचं काम दुसऱ्या बाईवर आलं. तक्रार करणारा पुरुष शांतपणे वर्तमानपत्र वाचत राहिला.

परतीच्या विमानात दोन रांगा पुढे एक बाप बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. बाळ चांगलं टाहो फोडत होतं. पण एकाही कपाळावर आठी नव्हती. 'किती छान सांभाळतात हो!' असं एक आजी म्हणाल्या. त्याने बाळ सांभाळावंच, कौतुकही व्हावं. फक्त त्याच रडण्याला बाईच्या खांद्यावर 'हिला मूल सांभाळता येत नाही' असं नाव मिळतं, ते कसं?

सोयींचं म्हणाल तर विमानतळावर बाळासाठी खोली होती, स्वच्छ होती. आपल्या एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. नाव सुंदर, पण मी पाहिलेल्या एका स्थानकावर त्यात झाडू आणि मोडकी बाकं ठेवलेली होती आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि हिरकणीची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण गडाचे दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हे कुणी म्हणत नाही. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, गर्दी वाढली, लेकुरवाळ्याही वाढल्या. खोल्यांची कुलपं उघडायला कोणता मोठा निधी लागतो? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी जागा असण्याची गरज मान्य केली. आपापल्या स्थानकावर जाऊन किल्ली मागायला हा आधार पुरेसा आहे.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी मी आपल्या अंदाजपत्रकांकडे बघायला सांगेन. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, हा कायदा आपणच इतरांना शिकवतो. आणि आपल्या शिबिरांच्या खर्चात बॅनर असतो, फुलांचे गुच्छ असतात, पाहुण्यांची शाल असते. पाळणाघर नसतं. मग आपण म्हणतो, तरुण मुली लग्नानंतर चळवळीत टिकत नाहीत. त्या दिल्लीच्या बैठकीला अठ्ठावीस जणी होत्या, पाच वर्षांखालचं मूल असलेली मी एकटी. लेक दोन दिवस माझ्या खुर्चीखाली सतरंजीवर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मांडणी चालू असताना ती रडली, तेव्हा राजस्थानातून आलेल्या एका वयस्क कार्यकर्तीने तिला उचललं आणि बाहेर नेलं. त्यामुळे चर्चेचा तो तास त्या बाईंचा बुडाला. तोही कुठेतरी मोजायला हवा.

आमच्या केंद्राने आता ठरवलंय. जूनमधल्या जिल्हा शिबिराच्या पत्रकात 'मूल सोबत येणार का, वय काय' हा रकाना छापलाय. सभागृहाशेजारची खोली, दोन गाद्या, गरम पाणी आणि रोजावर दोन माणसं, त्यातला एक पुरुष, असा खर्च मांडून देणगीदारांना पाठवलाय. पैसे मिळाले नाहीत तर गुच्छ आणि शाली कापायच्या, असं बैठकीत लिहून घेतलंय. आतापर्यंत एकोणीस जणींचे अर्ज आलेत, त्यातल्या सहा जणींनी तो रकाना भरलाय.