विद्युत्-विमानाला लंडनचा निकष कशासाठी?

विद्युत्-शक्तीवर उडणाऱ्या विमानांचा विषय निघाला की एक आक्षेप इतक्या ठामपणे मांडला जातो की, त्यापुढे बोलण्यासारखे काही उरलेच नाही असा ऐकणाराचा समज व्हावा. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते आणि तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन घटात ती जेमतेम २५० वॉट-तास भरते; पन्नासास एक हे प्रमाण पदार्थांच्या रसायनातून आलेले असल्यामुळे ते कोणत्याही सरकारच्या हुकमाने अथवा भांडवलदाराच्या थैलीने पालटावयाचे नाही; सबब हा सारा उद्योग म्हणजे द्रव्याचा अपव्यय होय, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यातील आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला सर्वथा अमान्य आहे.

पहिला दोष हिशेबातलाच आहे. इंधनातील ऊर्जा जशीच्या तशी पंख्यापर्यंत पोहोचत नाही. लहान विमानाच्या पेट्रोल-एंजिनात तिचा सुमारे सत्तर टक्के भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, तर बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग मोटर प्रत्यक्ष कामी लावते. ही वजावट केली म्हणजे पन्नासास एक हे प्रमाण सोळास एकवर येते. सोळास एक हेही प्रतिकूलच, हे मी नाकारीत नाही. मुंबईहून लंडनला जाणारे, सात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडणारे विमान आजच्या बॅटरीवर उडणार नाही, आणि ते लवकरच उडेल असे सांगून लोकांकडून भांडवल गोळा करणारे या विद्येचे हित करीत नाहीत. परंतु प्रत्येक विमानाला लंडनलाच जावयाचे असते, हे कोणी ठरविले?

स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल या कारखान्याचे ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ हे दोन आसनी विमान पाहावे. जून २०२० मध्ये युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने त्याला मंजुरी दिली, आणि अशी रीतसर मंजुरी मिळालेले ते जगातील पहिले विद्युत्-विमान ठरले. त्याच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक नाकाडात आणि दुसरी वैमानिकांच्या पाठीमागे बसविलेली असून, एक निकामी झाली तरी दुसरीच्या बळावर विमान सुखरूप उतरविता येते. दोहोंमधून थंडावा देणारा द्रव फिरत असतो, आणि किती वीज शिल्लक आहे व ती किती मिनिटे पुरेल हे वैमानिकाला समोरच्या फलकावर दिसत राहते. या दोन्ही बॅटऱ्यांत मिळून २४.८ किलोवॉट-तास वीज मावते, म्हणजे सुमारे तीन लिटर पेट्रोलात असते तेवढी ऊर्जा. आणि एवढ्या शिदोरीवर हे ६०० किलो वजनाचे विमान, राखीव साठा बाजूला ठेवून, पन्नास मिनिटांपर्यंत उडते. पन्नास मिनिटे थोडी खरी. पण नवशिक्या वैमानिकाचा पाठ असतो तरी किती? धावपट्टीवरून उठावे, एक फेरा घ्यावा, उतरावे आणि पुन्हा उठावे, ही त्याची पहिली तालीम विमानतळाच्या परिसराबाहेर जातच नाही.

याहून भारी आक्षेप निराळे आहेत, आणि ते वैमानिकी जाणणाऱ्यांनी घेतलेले असल्यामुळे त्यांची दखल आदराने घेतली पाहिजे. इंधन जळत जाते तसतसे विमान हलके होते. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी वजनाने तेवढीच राहते, म्हणून असे विमान उठताना जितके जड तितकेच उतरतानाही जड असते. हे दुखणे आजचे नव्हे: ऑगस्ट १८८४ मध्ये रेनार आणि क्रेब्ज या फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ हे वायुपोत विजेच्या मोटरीवर आठ किलोमीटर फिरवून निघाल्या जागी परत आणले, तेव्हाही त्यांच्या बॅटरीचे वजन ४३५ किलो होते. शिवाय वळवून अन्यत्र उतरण्याची वेळ आली तर त्यासाठी साठा राखावा लागतो, आणि आखूड पल्ल्याच्या विमानात हा राखीव साठाच पल्ल्याचा मोठा हिस्सा गिळतो. बॅटरी जुनी होत जाते ती गोष्ट वेगळीच. इटलीच्या टेकनाम कंपनीने नऊ उतारूंच्या विद्युत्-विमानाची योजना जून २०२३ मध्ये स्थगित केली ती याच कारणास्तव: काही शेकडो उड्डाणांनंतर क्षीण झालेल्या बॅटरीवर हिशेब मांडला असता तो धंद्याला परवडेना. हा निर्णय प्रामाणिकपणाचा होता, असेच मी म्हणेन.

परंतु या आक्षेपांतूनच बॅटरी आणि इंधन यांच्या संकर-पद्धतीचे समर्थन उभे राहते. राखीव साठा रोज वाहावा लागतो, पण क्वचितच खर्ची पडतो. मग जी वस्तू बहुधा वापरावयाचीच नाही ती जड बॅटरीत का साठवावी? ती हलक्या इंधनात ठेवावी आणि रोजचे छोटे उड्डाण विजेवर करावे. स्वीडनच्या हार्ट एरोस्पेसने २०२२ साली जाहीर केलेली तीस आसनी विमानाची तजवीज नेमकी अशी होती: दोनशे किलोमीटरपर्यंत केवळ बॅटरी, त्यापुढे चारशेपर्यंत टर्बाइन-जनित्राची जोड. मोठ्या पल्ल्याच्या विमानांतही पूर्ण शक्ती लागते ती उड्डाणाच्या व चढणीच्या थोड्या मिनिटांपुरती. तेवढा भार बॅटरीने उचलला तर एंजिन समतल प्रवासाच्या बेताचे ठेवता येईल. दुहेरी यंत्रसामग्रीचे वजन या लाभाहून अधिक भरेल काय, हा प्रश्न उड्डाणांनीच सोडविला पाहिजे. एअरबस आणि रोल्स-रॉइस यांनी ‘ई-फॅन एक्स’ हे संकर-पद्धतीचे प्रायोगिक विमान एप्रिल २०२० मध्ये न उडविताच बंद केले, याला मी उत्तर मानीत नाही. ती केवळ न झालेली परीक्षा होय.

आता शेवटची फिर्याद. युरोपातून निघणाऱ्या विमानांपैकी चार हजार किलोमीटरांहून दूर जाणारी सुमारे सहा टक्केच असून निम्म्याहून अधिक कर्बवायू तीच सोडतात. मग आखूड उड्डाणे विजेवर आणून काय साधणार? हवामानाच्या दृष्टीने फार थोडे, हे मी कबूल करतो. पण धूर म्हणजे केवळ कर्बवायू नव्हे. लहान पेट्रोल-विमाने ज्या ‘१०० एलएल’ इंधनावर चालतात, त्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत शिसे असते. मोटारींच्या पेट्रोलातून आपण ते २००० साली हद्दपार केले, कारण ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनेही विमानांतील शिसे सार्वजनिक आरोग्यास घातक असल्याचा निर्णय दिला. प्रशिक्षणाचे विमान तर दिवसभर त्याच वस्तीवर, कमी उंचीवरून घिरट्या घालीत असते. त्या वस्तीतील मुलांना लंडनच्या पल्ल्याशी काय कर्तव्य?

आमच्याकडे गोंदियाजवळ बिरसी येथे आणि बारामतीला वैमानिक तयार होतात. गोंदियाचे विमान विजेवर आले तर त्याच जिल्ह्यातील तिरोड्याच्या औष्णिक केंद्राचा कोळसा त्यामागे जळेल, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु तिरोड्याची चिमणी एका जागी उभी असते, तिच्यावर गाळणी बसविता येते आणि तिच्याऐवजी उद्या सूर्याची वीजही घेता येते. शिशाच्या पेट्रोलावर उडणाऱ्या विमानाच्या धुराला मात्र गाळणी नाही. शिकाऊ उड्डाणे बहुतेक दिवसाच होत असल्यामुळे, विमानघराच्या छपरावर सौर पट्ट्या बसविल्या तर दोन पाठांच्या मध्ये बॅटरी तेथल्या तेथे भरता येईल. खरी अडचण विदर्भाच्या वैशाखाची आहे. त्या उन्हात बॅटरीचा द्रव पुरेसा थंड राहील काय, याची चाचणी युरोपात होणार नाही. ती बिरसीच्या धावपट्टीवर, मे महिन्याच्या दुपारी घ्यावी लागेल, आणि त्यासाठी एका विमानाची व दोन उन्हाळ्यांच्या मुदतीची तरतूद नागरी विमान-खात्याने आताच करावी.