अस्तर मऊ, पण निर्धोक आहे का?

संग्रहालयातील वस्तूंखाली लोकरी फेल्ट किंवा स्पंज घालावा, ही गेल्या अंकातील पत्रातली सूचना ओरखडे टाळण्यापुरती रास्त असली, तरी वर्षानुवर्षांच्या मांडणीसाठी ती घातक ठरू शकते. लोकरीतील गंधकयुक्त प्रथिनांतून निघणाऱ्या वायूंनी चांदी काळवंडते, पॉलियुरेथेनचा स्पंज कालांतराने चिकट होऊन भुगा होतो आणि मांडणीतील लाकूड-प्लायवूडमधून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरून नाण्यावरील अक्षरे झडू लागतात. सातवाहनांनी शिशाचीही नाणी पाडली आणि तेर हे त्यांच्या काळातील नामांकित व्यापारी नगर होते, हे ध्यानात घेता मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही.

ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे प्रमाणित झालेल्या चाचणीत अस्तराचा नमुना चांदी, तांबे व शिसे यांच्या पट्ट्यांसह, थोड्या पाण्याच्या सान्निध्यात, बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. पट्ट्यांवर गंज किंवा डाग दिसल्यास ते अस्तर बाद ठरते. सामान्यतः पॉलिइथिलीनचा बंद छिद्रांचा फोम आणि बिनरंगी पॉलिएस्टर फेल्ट या कसोटीस उतरतात. मात्र रंग व डिंक बदलला की निकालही बदलतो, म्हणून प्रत्येक नवा माल तपासूनच घ्यावा. शासकीय संग्रहालयांनी निविदेतच ही अट घालावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, गोरेगाव (जि. हिंगोली)