खिडक्या शोधू नका, हाक मारा!

कॉम्प्युटर शाखेत पाय ठेवला की पहिल्या सेमिस्टरमध्येच दोन पार्ट्या दिसू लागतात. एक माऊसवाले आणि दुसरे कीबोर्डवाले. कीबोर्डवाल्यांची ऐट तर विचारूच नका! काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि चेहऱ्यावर ‘आपण म्हणजे हॅकर’ असा भाव. लिनक्समध्ये तर ‘रॅटपॉयझन’ नावाचा एक विंडो मॅनेजर आहे. उंदीर मारायचं औषध! उंदीर म्हणजे कोण, ते सांगायला नकोच.

पण मित्रांनो, या भांडणात मला पडायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की, कीबोर्डवरून नाव टाईप करून विंडो उघडायची जी सोय असते, ती होस्टेलवर शायनिंग मारायची गोष्ट नाही. तिची खरी गरज आमच्या गावाला आहे.

माझं गाव कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. (आमच्याकडे गल्लीतल्या इंग्लिश शाळेलाही कॉन्व्हेंटच म्हणतात. मी त्यातलीच एक कॉन्व्हेंटवाली!) सोयाबीन आणि तुरीचा हा भाग. त्यामुळे जुलै महिना आला की फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांसमोर पीकविम्याची रांग लागते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा तर विचारायची सोय नव्हती. २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सवलत बंद झाली, पण फॉर्म, कागद आणि मुदत तशीच आहे.

आता अशा दुकानात कॉम्प्युटरवर काय काय उघडं असतं ते मोजा. विम्याचा फॉर्म, सातबारा, आठ-अ, आधारची स्कॅन कॉपी, बँक पासबुकाचा फोटो, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, फोटो छोटा करायचा प्रोग्राम, प्रिंटरची विंडो. शिवाय मागच्या दोन गिऱ्हाइकांच्या पीडीएफ उघड्याच राहिलेल्या! दुकानदार एक आकडा सातबाऱ्यावर बघतो, फॉर्ममध्ये टाकतो, मग पासबुक शोधतो. मध्येच दुसऱ्याचंच पासबुक समोर येतं. मागून आवाज येतो, “काहून भाऊ, आता हे कोनाचं काढलं?” आणि उत्तर ठरलेलं, “थांबा बापा, सापडते आता.”

हे ‘सापडते आता’ दिवसातून किती वेळा होतं? आणि त्या रांगेत उभी असलेली माणसं शेतातलं काम टाकून आलेली असतात, हे आपण विसरतो.

गंमत अशी की आपल्या महाराष्ट्रात बोटांना वळण लावायची परंपरा जुनी आहे. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, ही टायपिंगची परीक्षा सरकारी नोकरीसाठी कितीतरी पोरापोरींनी दिली. टाईपरायटरची खडखड गेली आणि तीच परीक्षा कॉम्प्युटरवर आली. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाची बोटं तयार आहेत. पण विंडो बदलायची वेळ आली की तोच हात कीबोर्ड सोडतो, माऊस चाचपडतो, खालच्या पट्टीवर जातो आणि एकसारख्या दिसणाऱ्या सहा चौकोनांतून एक निवडतो. आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘कुठे क्लिक करायचं’ हे शिकवतात. ‘काय हवंय ते सांगा’ हे कोणी शिकवत नाही.

‘अहो, ऑल्ट-टॅब आहे की!’ असं कोणी म्हणेल. आहे ना, आणि चांगलंही आहे. ऑल्ट-टॅब विंडो लावतो ती ‘शेवटची वापरलेली सगळ्यात आधी’ या क्रमाने. दोनच विंडोंमध्ये ये-जा करायची असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण सातवी विंडो हवी असेल तर सहा वेळा टॅब दाबा, डोळे ताणून बघा, एक पुढे गेलात तर मागे या. शिवाय हा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे बोटांना सवयही लागत नाही. विंडो वाढल्या की त्रास वाढतो. नाव टाईप करून शोधणाऱ्या स्विचरचं तसं नाही. विंडो पाच असोत की पंचवीस, तीन-चार अक्षरं टाकली की काम झालं. गावात कोणाचं घर शोधताना आपण पहिल्या घरापासून मोजत जातो का? नावाने हाक मारतो!

आता थोडं गणित, शेवटी इंजिनिअरिंगचं मासिक आहे. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघांनी १९८० मध्ये ‘कीस्ट्रोक लेव्हल मॉडेल’ मांडलं. त्यात कीबोर्डवरून माऊसवर हात न्यायला साधारण ०.४ सेकंद, नेम धरायला १.१ सेकंद आणि मध्यम टायपिस्टला एक बटण दाबायला ०.२८ सेकंद धरतात. क्लिकला ०.२ धरू. खालच्या पट्टीतल्या एकाच चिन्हाखाली चार पीडीएफ असतील तर दोनदा नेम आणि दोनदा क्लिक. जाण्या-येण्यासह झाले ३.४ सेकंद. कीबोर्डने शॉर्टकटची २ बटणं, नावाची ४ अक्षरं आणि एंटर, म्हणजे ७ × ०.२८ = सुमारे २ सेकंद. वाचले १.४ सेकंद. हसू नका! समजा एका फॉर्मला ३० वेळा विंडो बदलली आणि दिवसाला ४० माणसं आली, तर १,६८० सेकंद होतात. म्हणजे रोजची २८ मिनिटं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲपलमध्ये काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्येच लिहिलं होतं की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण घड्याळ लावलं की माऊस जिंकतो. त्यांचं कारण असं की शॉर्टकट आठवण्यात जो वेळ जातो तो आपल्या लक्षातच येत नाही. मुद्दा मला पटतो. कंट्रोल-शिफ्ट-अमुक-तमुक पाठ करणं ही शिक्षाच आहे. पण इथे पाठ काय करायचंय? एकच शॉर्टकट. पुढे फक्त त्या वस्तूचं नाव, आणि ते तर समोरच्या माणसाच्या तोंडातच असतं. आणि सेकंदांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नजर फॉर्मवरून हलत नाही, त्यामुळे आकडा चुकायची शक्यता कमी होते. चुकलेल्या आकड्याचा त्रास शेवटी शेतकऱ्यालाच होणार ना?

सुरुवात कशी करायची? विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉईज’ फुकट मिळतं. त्यातलं ‘पॉवरटॉईज रन’ चालू करा, ऑल्ट-स्पेस दाबा, ‘लेस दॅन’चं चिन्ह टाका आणि विंडोचं नाव लिहा. उघड्या विंडोंची यादी गाळून समोर येते. जुन्या, थकलेल्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा एक्सएफसीई असेल तर ‘रोफी’ इन्स्टॉल करा. कीबोर्ड सेटिंगमध्ये एक शॉर्टकट तयार करून त्याला रोफीची ‘शो विंडो’ ही कमांड द्या. झालं! त्यात शब्द मागेपुढे लिहिले तरी चालतात. ‘पासबुक २१४’ लिहा नाहीतर ‘२१४ पासबुक’, विंडो तीच येते. एक सावधानता, उबुंटूच्या वेलँडवरच्या नोम डेस्कटॉपवर रोफीला उघड्या विंडोंची यादी मिळत नाही.

मराठीवाल्यांसाठी खास टीप. २००६ चं ‘डीमेनू’ हलकंफुलकं आहे, पण त्यात देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. रोफी अक्षरं जुळवायला पँगो वापरतं, त्यामुळे मराठी नाव मराठीसारखंच दिसतं. मात्र फाईलचं नाव मराठीत ठेवलंत तर शोधतानाही मराठी लेआऊट लावावा लागेल. म्हणून नावात गट नंबरचे आकडे घालणं सोयीचं.

आणि ब्राउझरमधले टॅब म्हणजे विंडो नव्हेत! स्विचरला फक्त समोरच्या टॅबचं नाव दिसतं. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून टॅब शोधता येतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचं चिन्ह, मग स्पेस आणि पुढे नाव टाका. किंवा सरळ विम्याचा फॉर्म ओढून वेगळ्या विंडोत ठेवा.

पण या सगळ्याची खरी गोम नावात आहे. स्कॅन केलेल्या फाईलचं नाव ‘स्कॅन-००१’ असेल तर जगातला कुठलाही स्विचर तुम्हाला मदत करू शकत नाही. हाक मारायला आधी नाव ठेवावं लागतं. कागद स्कॅन झाल्याबरोबर ‘सातबारा-२१४’ असं नाव दिलं, तर विंडो तर सापडेलच, पण पुढच्या वर्षी तोच माणूस आला तर फाईलसुद्धा सापडेल. दोन सेकंदांची शिस्त, पण अख्खं दुकान सुधारते.

आपण फायनल इयरला मोठमोठे प्रोजेक्ट करतो. स्मार्ट हे, ऑटोमॅटिक ते. करावेत, नाही कोण म्हणतं? पण दिवाळीत गावी जाल तेव्हा फॉर्मच्या दुकानात अर्धा तास बसा. काही शिकवायच्या आधी त्या माणसाचा हात कुठे कुठे फिरतो ते नुसतं बघा. मग एकच शॉर्टकट लावून द्या आणि फाईलला नाव द्यायची सवय लावा. त्याला आवडलं तर तो वापरेल, नाहीतर माऊस कुठे पळून जात नाही. चार वर्षं शिकून आपल्या गावची रांग दहा माणसांनी जरी लवकर सरकली, तरी मी म्हणेन डिग्री कामाला आली. बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, संगणक शाखा