केसपेपरवरचा पत्त्याचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात पन्नाशीच्या एका मधुमेही रुग्णाला मी इन्सुलिन लिहून दिले. सवयीने म्हणालो, ‘फ्रिजमध्ये ठेवा.’ त्यांनी मान हलवली. दोन महिन्यांनी ते पायाची जखम चिघळून आले. दोन बोटे काढावी लागली. केसपेपरवर मी लिहिले, ‘औषधे अनियमित.’ ते पुलाखाली राहतात, हे ड्रेसिंग करताना आमच्या सिस्टरांनी विचारले तेव्हा कळले. इन्सुलिनची बाटली ऐन उन्हात बोचक्यात पडून होती.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. सरकारी रुग्णालयाचे दार त्यांना उघडे आहे, हे खरे; पण दारातून आत येणे म्हणजे उपचार पूर्ण होणे नव्हे. ओपीडी सकाळी, आणि नाक्यावर मजुरीचे काम मिळते तेही सकाळीच. रांगेत उभे राहिले की दिवसाचा रोज बुडतो. योजनांसाठी लागणारी कागदपत्रे पावसात भिजतात, नाहीतर फुटपाथ मोकळा करताना सामानासकट गाडीत जातात. दाखल करायचे म्हटले की आम्हीच विचारतो, ‘सोबत कोण आहे?’

रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी रस्त्यावर राहणारी बाई टाळते, कारण रात्री शौचालय कुठे शोधणार? क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने रोज घ्यावी लागतात. ती मोफत आहेत, आहारासाठी महिना १००० रुपयेही मिळतात. पण ते जमा होतात बँक खात्यात.

उपाय आवाक्यातले आहेत. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले. अशा निवाऱ्यात आठवड्यातून दोनदा संध्याकाळी डॉक्टर बसावा, गोळ्यांसाठी कुलपाचे कपाट असावे आणि रुग्णालयातून सुटलेल्यांसाठी चार खाटा राखून ठेवाव्यात. पत्त्याचा रकाना रिकामा दिसला, की रुग्णाला थेट समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवावे.

आणि आम्ही डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारावे, ‘राहता कुठे?’ फ्रिज नसेल तर इन्सुलिन पाण्याने ओलसर ठेवलेल्या मडक्यातही टिकवता येते. पुलाखाली मडके ठेवता आले असते. मी विचारलेच नव्हते.